खोटं बोलायला लागेल म्हणून वकिली सोडली, आणि पुढे त्याच माणसाने चरबी नसलेला साबण आणला

विरारहून चर्चगेटकडे जाणारी लोकल नायगाव सोडते, खाडीच्या पुलाकडे वळते आणि खिडकीतून मिठागरं दिसायला लागतात. पांढरे ढीग, चौकोनी वाफे, मधूनच एखादा बगळा. रोजच्या गर्दीत तिकडे बघायला कुणाला वेळ नसतो. पण सकाळी निघण्याआधी ज्या साबणाने आंघोळ केली, तो साबण असल्याच मिठापासून सुरू होतो, हे फार कमी जणांना माहीत असतं.

मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा तयार होतो. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून तेलात किंवा चरबीत मिसळला की साबण तयार होतो. साबण करायचा दुसरा रस्ता नाही. कारखान्यात करा नाहीतर वसईच्या एखाद्या वाडीतल्या स्वयंपाकघरात, वडीचा साबण हवा असेल तर कॉस्टिक लागणारच.

आता जरा मोबाईल उघडून बघा. हाताने बनवलेला साबण, हळदीचा, कडुनिंबाचा, बकरीच्या दुधाचा, आणि खाली ठळक अक्षरात लिहिलेलं असतं : केमिकल-फ्री. विकणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण ते वाक्य खरं नाही. आणि साबणाच्या कागदावर काय लिहायचं, आत काय घालायचं, आणि दोन्ही एकच असलं पाहिजे याचा हट्ट धरणारा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी याच मुंबईत होऊन गेला. त्याचं आडनाव तुमच्या कपाटावर, कुलपावर किंवा फ्रीजवर कधी ना कधी वाचलेलं असणार.

अर्देशीर गोदरेज.

गोष्ट सुरू होते ती १८६८ सालापासून. विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली १२ एप्रिल १८६७ ला. त्याला वर्ष व्हायच्या आत, २६ मार्च १८६८ रोजी, मुंबईतल्या एका खात्यापित्या पारशी घरात अर्देशीर यांचा जन्म झाला. वडील बुर्जोरजी, आई दोसीबाई. सहा भावंडांत हे थोरले. घरचा धंदा जमीनजुमल्याचा. घराण्याचं आडनाव तेव्हा गुथेराजी होतं, ते वडिलांनी १८७१ मध्ये बदलून गोदरेज केलं.

पोराने शिकावं, वकील व्हावं, असं त्या काळच्या कुठल्याही सुखवस्तू पारशी घरात वाटायचं तसंच इथेही वाटत होतं. १८९० मध्ये लग्न झालं. बायकोचं नाव बच्चूबाई.

आणि वर्षभरात घरावर आभाळ कोसळलं.

२५ एप्रिल १८९१. बच्चूबाई आणि त्यांच्या नात्यातली पिरोजबाई अशा दोघी तरुणी राजाबाई टॉवर बघायला गेल्या होत्या. टॉवर बांधून पुरा झाल्याला तेव्हा पंधरा वर्षंही झाली नव्हती, वर चढून मुंबई बघायची हौस सगळ्यांनाच असायची. त्या दोघी वरून खाली पडल्या आणि दोघींचाही जीव गेला. वर कुणीतरी त्यांच्यावर हात टाकायचा प्रयत्न केला आणि अब्रू वाचवायला त्यांनी उडी घेतली, असा संशय सगळ्या शहराला होता. खटलाही चालला. पण खुनासाठी शिक्षा कुणालाच झाली नाही. मुंबईत कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता.

अर्देशीर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. मूलबाळ नव्हतं. पुढची पंचेचाळीस वर्षं ते एकटेच राहिले. त्यांच्या आयुष्यावर लिहिणारे बरेच जण हा भाग दोन ओळींत उरकून कुलपांकडे वळतात. पण कोर्टात खरं काय ते ठरत नाही, हे या माणसाने स्वतःच्या घरात बघितलं होतं, एवढं लक्षात ठेवलं तर पुढची गोष्ट वेगळी दिसते.

कारण पुढची गोष्टही कोर्टाचीच आहे.

१८९४ मध्ये कायद्याचं शिक्षण संपवून अर्देशीर यांना पहिलं मोठं काम मिळालं. मुंबईतल्या एका सॉलिसिटर कंपनीने त्यांना अशिलाच्या वतीने खटला लढवायला थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, झांजिबारला पाठवलं. सुरुवात बरी झाली. मग त्यांच्या लक्षात आलं की अशिलाच्या बाजूने जे ठासून सांगायचं आहे, ते खरं असल्याची खात्री आपल्याला करता येत नाही. त्यांनी ते सांगायला नकार दिला. वरिष्ठांनी समजावलं, अशिलाने समजावलं, वकिलाचं काम बाजू मांडायचं असतं हे सगळ्यांनी सांगून झालं. गडी हलला नाही. खटला दुसऱ्याच्या हाती गेला आणि १८९५ मध्ये अर्देशीर मुंबईला परत आले ते वकिली कायमची सोडूनच.

आता करायचं काय? त्यांनी एका औषधाच्या दुकानात केमिस्टचा मदतनीस म्हणून नोकरी धरली. वकिलाचा मदतनीस झाला म्हणून लोक काय म्हणाले असतील याची कल्पना करा. पण तिथेच त्यांना दिसलं की डॉक्टर लोक वापरतात ती शस्त्रक्रियेची हत्यारं, चिमटे, कात्र्या, सुऱ्या सगळं विलायतेहून येतं. हे इथे का होऊ नये?

वडिलांकडे पैसे मागायचे नव्हते. वडिलांचे मित्र मेरवानजी मंचेरजी कामा यांच्याकडे ते गेले आणि ३,००० रुपये कर्जाऊ घेतले. हत्यारं तयार झाली, चांगली झाली. औषधांच्या धंद्यातल्या एका इंग्रज मालकाला माल पसंतही पडला. पण त्यावर कुठला देश कोरायचा यावर घोडं अडलं. अर्देशीर म्हणत होते की माल भारतात झालाय तर तसा शिक्का पाहिजे. मालक म्हणत होता की असा शिक्का मारला तर माल खपणार नाही. दोघांपैकी कुणीच मागे हटलं नाही आणि धंदा तिथेच बसला.

म्हणजे वय सत्तावीस-अठ्ठावीस, बायको गेलेली, वकिली गेलेली, पहिला धंदा गेलेला आणि डोक्यावर ३,००० चं कर्ज.

मग एके दिवशी पेपरात मुंबईतल्या चोऱ्या-घरफोड्यांची बातमी आली. पोलीस कमिशनर लोकांना सांगत होते की घराला नीट कुलपं लावा. अर्देशीर पुन्हा कामांकडे गेले. आधीचं कर्ज फिटलेलं नाही, धंदा बुडालेला, आणि हे गृहस्थ कुलपांसाठी पुन्हा पैसे मागतात. कामांनी दिले. ७ मे १८९७ ला लालबागमध्ये, बॉम्बे गॅस वर्क्सच्या शेजारी, २० चौरस मीटरच्या एका शेडमध्ये डझनभर कामगार घेऊन कुलपांचं काम सुरू झालं. २० चौरस मीटर म्हणजे नालासोपाऱ्यातल्या वन-रूम-किचनपेक्षाही लहान जागा.

कुलपं चालली. मग तिजोऱ्या आल्या, त्याही चालल्या. कामांचा भाचा बॉइस काही काळ कंपनीत होता. तो फार टिकला नाही, पण नाव टिकलं. म्हणून ती कंपनी आजही गोदरेज अँड बॉइस आहे. धाकटा भाऊ पिरोजशा १९०६ मध्ये सोबत आला. अर्देशीर यांनी डोकं लढवायचं आणि पिरोजशांनी धंदा बघायचा, अशी वाटणी झाली. ती पुढेही तशीच राहिली.

कुलपं-तिजोऱ्यांचा इतिहास एवढ्यात उरकतोय कारण आज विषय साबणाचा आहे.

विलायती साबण भारतात तेव्हा चांगलाच रुळला होता. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात लिव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या, तेव्हापासून बाजार वाढतच होता. त्याआधी आपल्याकडे लोक अस्वच्छ राहायचे असं अजिबात नाही. केसांना शिकेकाई-रिठा, अंगाला डाळीचं पीठ किंवा उटणं, कपड्यांना रिठा आणि सज्जीखार, सगळं घरात असायचं. साबण मात्र झटपट आणि फेसाळ. शहरातल्या माणसाला तो आवडला.

अडचण एकच होती. तो कशाचा बनलाय?

युरोपातले बहुतेक साबण गुरांच्या किंवा डुकराच्या चरबीपासून व्हायचे. कारण साधं होतं. कत्तलखान्यातून चरबी स्वस्तात मिळायची आणि तिची वडी टणक व्हायची. पण १८५७ मध्ये काडतुसांना लावलेल्या चरबीवरून काय रामायण घडलं ते या देशाने बघितलं होतं. काडतूस निदान दाताने तोडायचं होतं, साबण तर रोज अंगाला लावायचा. जुन्या वळणाच्या घरांत म्हणूनच साबणाला शिवायला नको म्हणायचे. आणि जे वापरायचे त्यांना आत काय आहे ते कळायला मार्गच नव्हता. साबण एकदा झाला की तो गाईच्या चरबीचा, डुकराच्या चरबीचा की खोबरेल तेलाचा, हे बघून, हुंगून किंवा हाताळून कळत नाही. दुकानदारावर विश्वास ठेवा, नाहीतर विकत घेऊ नका.

असं का होतं ते समजायला रसायनशास्त्र थोडंसं लागतं.

तेल असो की चरबी, तिचा प्रत्येक कण म्हणजे ग्लिसरीनच्या एका दांडीला लटकलेल्या तीन स्निग्धाम्लांच्या माळा. कॉस्टिक सोडा त्या माळा दांडीवरून तोडतो आणि त्याच्यातला सोडियम त्यांना जाऊन चिकटतो. सोडियम चिकटलेली माळ म्हणजेच साबण. दांडी सुटी होते, ते ग्लिसरीन. हा सगळा उलगडा शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये मांडला. त्याआधी हजारो वर्षं लोक राखेच्या खाराने साबण करत होते, फक्त आत काय घडतंय ते माहीत नव्हतं.

म्हणजे साबणात शेवटी तेल उरत नाही आणि कॉस्टिकही उरत नाही. दोन्ही मिळून तिसराच पदार्थ झालेला असतो. हो, पण माप बरोबर असेल तरच.

आणि मापातच खरी मेख आहे. प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक वेगळी. १ किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण करायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो. शेंगदाण्याच्या तेलाला साधारण १३६ ग्रॅम पुरतो, एरंडेलाला त्याहून कमी. आता समजा कुणी खोबरेलाची कृती घेतली आणि घरात शेंगदाणा तेल आहे म्हणून तेच वापरलं. किलोमागे जवळजवळ ४७ ग्रॅम कॉस्टिक वडीत तसाच मोकळा राहतो. दिसायला वडी छान. अंगाला लावली की आग.

म्हणून कॉस्टिक चमच्याने मोजायचा नसतो, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजायचा असतो. शिवाय हिशोबापेक्षा पाचेक टक्के कमीच घालायचा, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहिलं तरी चालेल, पण कॉस्टिक राहायला नको.

चरबी सोडून नुसत्या वनस्पती तेलांचा साबण करायचा तर आणखी एक डोकेदुखी येते. खोबरेलाचा साबण टणक होतो, भरपूर फेस देतो, पण कातडी कोरडी पाडतो. शेंगदाण्यासारख्या पातळ तेलांचा साबण मऊ, पाण्यात लवकर विरघळणारा. चरबीने जो टणकपणा फुकटात मिळायचा, तो इथे वेगवेगळी तेलं मेळ घालून आणावा लागतो. आणि तोही एका घाण्याला जमून उपयोग नाही, कारखान्यातून निघणारी प्रत्येक वडी तशीच निघायला पाहिजे.

अर्देशीर यांनी हेच मनावर घेतलं. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. बंगळुरात म्हैसूर सरकारने १९१६ मध्ये चंदनाच्या साबणाचा कारखाना काढला होता, केरळात खोबरेल तेलाच्या जोरावर साबण व्हायला लागले होते. स्वदेशीची हवा होती. आणि १९१८-१९ च्या सुमारास गोदरेजचा पहिला साबण बाजारात आला. नाव ‘चावी’. कुलपवाल्याने साबणाला दुसरं काय नाव द्यायचं! कपडे धुवायचा हा साबण पूर्ण वनस्पती तेलाचा होता, चरबीचा अंशही नाही, आणि हेच लोकांना उघड सांगितलं गेलं.

इथे एक गोष्ट सरळ करून घ्यायला हवी. हा जगातला पहिला वनस्पती तेलाचा साबण होता, असं सांगणाऱ्या पोस्ट तुम्ही वाचल्या असतील. ते खरं नाही. सीरियातल्या अलेप्पोत आणि स्पेन-फ्रान्समध्ये ऑलिव्हच्या तेलाचा साबण कित्येक शतकं होत होता. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तर १६८८ मध्ये ऑलिव्ह तेलाशिवाय दुसरं काही साबणात घालायचं नाही असा हुकूमच काढला होता. अर्देशीर यांचं मोठेपण पहिलेपणात शोधायची गरज नाही. चरबीच्या साबणांनी भरलेल्या बाजारात त्यांनी कारखान्यातून, मोठ्या प्रमाणावर, आत काय आहे ते सांगून साबण विकला आणि सांगितलं तेच आत घातलं. शस्त्रक्रियेच्या हत्यारांवर जो शिक्का मारायला मिळाला नव्हता, तो त्यांनी पंचवीस वर्षांनी साबणावर मारला म्हणा ना.

मग अंगाचा साबण आला. त्याच्या नावाचा किस्सा भारी आहे. १९२० मध्ये आधी आला ‘नंबर २’. आणि ‘नंबर १’ आला नंतर, १९२२ मध्ये. उलटं का? तर दोन नंबरचाच एवढा चांगला आहे म्हटल्यावर एक नंबरचा किती चांगला असेल, असं गिऱ्हाईक आपणच म्हणेल, हा हिशोब. खोटं एक अक्षर बोलायचं नाही, पण गिऱ्हाइकाला विचार करायला लावायचं, ही जाहिरातबाजी त्यांना बरोबर जमायची. पुढे १९२६ मध्ये ‘वतनी’ नावाचा साबण आला, त्याच्या वेष्टनावर तेव्हाच्या अखंड भारताचा नकाशा होता.

स्वदेशीबद्दल त्यांचं मत मात्र सभेत टाळ्या मिळवणारं नव्हतं. देशी आहे म्हणून वाईट मालही गोड मानून घ्या, हे त्यांना पटायचं नाही. माल विलायतीच्या तोडीचा करा, मग लोक आपणहून घेतील, अशी त्यांची धारणा होती. हे बोलणारा माणूस चळवळीपासून लांब राहणारा असेल असं वाटतं ना? तर याच माणसाने टिळक स्वराज्य फंडाला ३ लाख रुपये दिले. १९२१ च्या आसपासचे ३ लाख.

रवींद्रनाथ टागोरांनी गोदरेजच्या साबणाची उघड शिफारस केली. अॅनी बेझंट आणि राजगोपालाचारी यांनीही केली. दुसऱ्या एका देशी साबणवाल्याने गांधीजींकडे आशीर्वाद मागितला, तेव्हा गोदरेज बंधूंबद्दल आपल्याला इतका आदर आहे की त्यांच्या धंद्याला धक्का लागेल असं काही करता येणार नाही, अशा अर्थाचं उत्तर गांधीजींनी त्याला पाठवलं होतं.

आता शंभर वर्षं पुढे येऊ, वसई-विरारच्या स्वयंपाकघरात. कुणी घरी साबण करायचा बेत आखलाच असेल तर ज्या पदार्थाचं नाव घ्यायला सगळे लाजतात, त्याच्याशी कसं वागायचं ते सांगायलाच हवं. अर्देशीर यांच्या कारखान्यात तो होता आणि तुमच्या ओट्यावरही तोच असणार आहे.

कॉस्टिकचं पाणी बोटाला लागलं की बुळबुळीत वाटतं. ते पाणी बुळबुळीत नसतं. तुमच्या कातडीतल्या चरबीचा साबण व्हायला लागलेला असतो. अॅसिड लागलं की लगेच भाजतं, माणूस हात मागे घेतो. कॉस्टिक आत आत शिरत जातो आणि जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. डोळ्यात एक थेंब गेला तर नजर जाऊ शकते. म्हणून डोळ्यांना सगळीकडून बंद असलेला चष्मा, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बंद चपला. पोरं आणि मांजर-कुत्रं खोलीबाहेर. खिडकी उघडी.

सगळ्यात महत्त्वाचा नियम : थंड पाणी आधी भांड्यात घ्यायचं आणि त्यात कॉस्टिक थोडा थोडा सोडायचा. उलटं कधीच नाही. कॉस्टिकवर पाणी ओतलं तर जागच्या जागी उकळी फुटून ते तोंडावर उडतं. बरोबर पद्धतीने केलं तरी पाणी विस्तवाशिवाय ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि वाफारा येतो. त्यावर वाकायचं नाही. गार व्हायला ठेवायचं, मगच तेलात मिसळायचं.

भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. अॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको. आपल्याकडे घराघरात जर्मनची भांडी असतात, आणि जर्मन म्हणजे अॅल्युमिनियमच. कॉस्टिक ते खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. हा वायू पेट घेणारा आहे. काच आतून झिजते आणि एखाद दिवशी तडकते. जे भांडं साबणाला घेतलं ते परत आमटीला घ्यायचं नाही.

अंगावर उडालंच तर? कपडे काढा आणि नळाखाली वाहत्या पाण्यात निदान १५-२० मिनिटं धुवा. लिंबू किंवा व्हिनेगर चोळायचं नाही. आंबटाने खार मरतो हे शाळेत शिकलेलं बरोबर आहे, पण मरताना आणखी उष्णता निघते आणि चोळाचोळीत वेळ जातो. डोळ्यात गेलं तर डोळा उघडा धरून तेवढाच वेळ पाणी, आणि तसंच दवाखान्यात. कुणी गिळलं तर उलटी करवायची नाही, कारण जाताना जेवढं भाजलं तेवढंच परत येताना भाजतं. १०८ ला फोन करा.

आणि पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत कॉस्टिकचं पाणी भरून ठेवू नका. कॉस्टिकचं पाणी दिसायला साध्या पाण्यासारखंच असतं.

वसईच्या हवेबद्दल एक सांगायचं राहिलं. कॉस्टिक हवेतली ओल ओढून घेतो. जून ते सप्टेंबरमध्ये डब्याचं झाकण सैल राहिलं तर दाणे चिकट होतात. मग वजनकाटा १०० ग्रॅम दाखवतो, पण त्यात कॉस्टिक कमी आणि पाणी जास्त. माप तिथेच फसलं. वडी सुकायला ४ ते ६ आठवडे लागतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पावसाळ्यात त्याहून जास्त धरा.

साबण नीट झाला, माप बरोबर असलं, तर शेवटच्या वडीत कॉस्टिक उरत नाही. म्हणून तो वापरायला सुरक्षित असतो. पण कॉस्टिकशिवाय झाला, केमिकल-फ्री आहे, असं म्हणणं म्हणजे पिठाशिवाय भाकरी केली म्हणण्यासारखं आहे. तयार साबणाचा बेस वितळवून साच्यात ओतणाऱ्यांचंही तेच. कॉस्टिकचं काम त्यांच्याऐवजी कारखान्यात कुणीतरी करून ठेवलेलं असतं, एवढाच फरक. शिवाय विकायचाच असेल तर आंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि तो बनवून विकायला परवाना लागतो, हे घरगुती धंदा सुरू करताना बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

दुकानातल्या साबणाचा कागद उलटून बघितला तर बारीक अक्षरात सोडियम पामेट, सोडियम कोकोएट असं काहीतरी दिसेल. सोडियम आला कॉस्टिकमधून, पामेट म्हणजे पामतेल, कोकोएट म्हणजे खोबरेल. आणि सोडियम टॅलोएट लिहिलं असेल तर ती चरबी. अर्देशीर यांच्या काळातल्या गिऱ्हाइकाला हे वाचायची सोय नव्हती. तुम्हाला आहे.

१९२८ मध्ये गोदरेज सोप्स ही वेगळी कंपनी झाली. धंदा जोरात होता, नाव झालं होतं, कर्ज केव्हाच मागे पडलं होतं. कामांचे पैसे परत करायला अर्देशीर गेले होते तेव्हा कामांनी ते घेतले नव्हते, असं सांगतात. आता आरामात बसून खायचे दिवस होते. तर या माणसाने सगळा कारभार पिरोजशांच्या हाती दिला आणि साठीत नाशिकला जाऊन शेती करायला लागले.

विक्रोळीची ती मोठी वसाहत, कारखाने, खारफुटीचं जंगल, हे सगळं पुढे पिरोजशांनी उभं केलं. ते बघायला अर्देशीर नव्हते. जानेवारी १९३६ मध्ये ते गेले. तोवर बच्चूबाईंना जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि ‘नंबर १’ बाजारात येऊन चौदा.